झुलाल आबा आणि नाहीगडचा पिक्चर

झुलाल आबांना राग येतो हे सांगणं म्हणजे जळगावला मे महिन्यात ऊन पडतं हे सांगणं. त्यात बातमी ती काय? सगळी नोकरी धुळे डेपोत कंडक्टर म्हणून गेली. दारात लोंबकळणारे, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे, गाडी हलल्यावर 'थांबवा, थांबवा' करणारे, सगळ्यांना आबांनी नुसत्या आवाजाने सरळ केलेलं. मागच्या सीटपाशी बोलले तरी पुढे ड्रायव्हर दचकायचा. पण तो राग धंद्याचा होता. डबल बेल मारली, गाडी सुटली, की रागही सुटायचा. उतरताना त्याच माणसाचं गाठोडं खाली द्यायला आबाच पुढे.

दिवाळीच्या सुट्टीत आला तो राग तसला नव्हता. तो आला आणि घरातच मुक्कामाला राहिला. आणि आला कुणावर, तर एका पिक्चरवर. कॉलनीतले लोक हसले. या वयात पिक्चरवर कोण रुसतं? ललितने, म्हणजे आबांच्या मुलाने, आधी समजूत काढली, मग नाद सोडला. पाइपच्या कारखान्यात शिफ्ट करून आलेल्या माणसाला बापाचा पिक्चरवरचा राग ऐकवत नाही, हेही खरंच. पण तो राग कळायचा असेल तर आधी 'नाहीगड' कळला पाहिजे.

'नाहीगड' हे पुस्तक. तीन भाग. लिहिणारे पुना गुरुजी, शिरपूरकडच्या एका खेड्यातल्या शाळेचे मास्तर. दर शनिवारी ते आबांच्या गाडीने धुळ्याला यायचे. एकदा त्यांनी पिशवीतून पहिला भाग काढला, आबांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "झुलालभाऊ, वाचा. नाही आवडलं तर तोंडावर सांगा, तुमचा स्वभाव आहेच तसा." धुळ्याच्याच कुठल्याशा छापखान्यात छापलेलं, कागद असा पातळ की पलीकडची अक्षरं अलीकडे दिसायची. गाडी एका खेड्यात मुक्कामाला होती तेव्हा आबांनी ते उघडलं आणि ड्रायव्हरने तीनदा हाका मारल्या तरी जेवायला उठले नाहीत.

गोष्ट अशी. सातपुड्याच्या पायथ्याला एक गाव. तिथे झेंडी नावाची पोर. बकऱ्या वळणारी, शेंबडी, हट्टी. त्या गावातून एकेक गोष्ट नाहीशी व्हायला लागते. डोंगरावर नाहीगड आहे, तिथे नाहीराजा राहतो. तो कुणाला मारत नाही, काही जाळत नाही. अगदी अदबीने म्हणतो, 'विहीर नाही', की विहीर गेली. गेली म्हणजे खड्डासुद्धा उरत नाही, आणि इथे विहीर होती हे कुणाला आठवतही नाही. बायका मुकाट्याने लांबून पाणी आणायला लागतात, जशा काही जन्मापासून लांबूनच आणत होत्या. आठवतं ते एकट्या झेंडीला. ती त्या रिकाम्या जागी जाऊन उभी राहते, विहिरीचा एकेक दगड आठवते, कुठल्या पायरीवर शेवाळ होतं, कुठल्या कपारीत पारवे बसायचे ते आठवते, आणि म्हणते, 'हिर शे.' की विहीर परत.

'शे' म्हणजे आहे. अहिराणीतलं सगळ्यात साधं, दिवसभर तोंडात असणारं अक्षर. पुना गुरुजींची सगळी जादू तेवढ्यात होती. मंत्र नाही, तलवार नाही, वर देणारा साधू नाही. जे तुम्हाला नीट आठवतं त्याला 'शे' म्हणायचं. अर्धवट आठवलं तर अर्धवटच परत येतं. झेंडी एकदा घाईघाईने बैल परत आणते तर त्याला शिंगंच नसतात, आणि तो बिचारा तिसऱ्या भागापर्यंत बोडकाच फिरतो.

आबा म्हणजे शाळेत 'शे' म्हटलं म्हणून हातावर छड्या खाल्लेला माणूस. 'आहे' म्हण, आहे. मग नोकरीत साहेबापुढे 'आहे', घरी 'शे', असं जन्मभर दोन खिशांत दोन भाषा घेऊन फिरले. आणि इथे एक मास्तरच छापून सांगत होता की जग त्या 'शे'वर उभं आहे. पुढच्या शनिवारी गुरुजी गाडीत चढले तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "गुरुजी, बैलले शिंगं द्या." जास्त बोलता आलं नाही. गाडीत गर्दी होती.

पुस्तक जिवाला भिडलं ते मात्र फार पुढे. गुरुजी गेले, आबा रिटायर झाले, आणि मग भिकुबाई गेल्या. आबांची बायको. आबा गावचं घर बंद करून जळगावला ललितकडे राहायला आले. एका दुपारी घरात कुणी नाही असं समजून ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. भाकर थापायच्या आधी भिकुबाई बांगड्या कोपराकडे सरकवायच्या ते आठवलं. भाकर फुगली की 'बठ रे बाबा' म्हणून तिला फडक्याने दाबायच्या ते आठवलं. सगळं आठवून आबा हळूच म्हणाले, "भिकू शे." काही झालं नाही. व्हायचंही नव्हतं, आबा काही खुळे नव्हते. पण दारात नात उभी होती. हितांशी, तेव्हा बालवाडीत. तिने विचारलं, "आबा, शे म्हणजे काय?"

तिथून वाचन सुरू झालं. रोज संध्याकाळी एक प्रकरण. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्यापासून. पोरीने झेंडी अशी उचलली की शाळेतून आली की दप्तर फेकून ओरडायची, "आबा, मन्या चपला कोठे शेत?" चपला तिच्या पायातच असायच्या, पण विचारायला मजा यायची. ललितला अहिराणी समजायची, पण उत्तर मराठीत द्यायचा. सून नूतन रावेरची. तिथली बोली आणखी निराळी, पण ती नूतनच्या तोंडून आबांनी कधी ऐकली नव्हती. ती अशी घासूनपुसून मराठी बोलायची की समोर बसून बातम्या ऐकतोय असं वाटावं. तिला हे पसंत नव्हतं. "हितू, शाळेत असं बोलायचं नाही हं," एवढं सांगून ती थांबायची. तेव्हा हिशेब साधा होता. त्या घरात, त्या कॉलनीत, आबांशी त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस एकच होतं आणि ते चौथीत होतं.

अन् मग तो पिक्चर आला.

मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने 'नाहीगड' घेतला अशी बातमी आली तेव्हा आबांनी कॉलनीत पेढे वाटले होते. आता ते पेढे आठवले तरी त्यांच्या अंगाचा तिळपापड होतो. पहिल्याच दिवसाची तिकिटं काढायला लावली. ललित, नूतन, हितांशी, सगळे गेले. हितांशी खुर्चीच्या टोकावर बसली होती. आबांनी धुतलेली टोपी घातली होती.

पहिल्या दहा मिनिटांत झेंडी दिसली. ती अठरा वर्षांची होती आणि तिचे केस वाऱ्यावर उडत होते. शेंबूड गेला, बकऱ्या गेल्या. बकऱ्यांच्या जागी पांढरा घोडा आला. सातपुड्याच्या पायथ्याची बकऱ्या वळणारी पोर पांढऱ्या घोड्यावर. आबा म्हणाले, असू दे, पिक्चरला दिसायला काहीतरी लागत असेल. मग एक राजपुत्र आला. पुस्तकात राजपुत्राचं नखही नाही. तो आला, झेंडीबरोबर धबधब्यात नाचला. आबा म्हणाले, हेही असू दे. नाहीराजा आला तर त्याला शिंगं. पुस्तकात तो दिसतच नाही. नुसता आवाज, आणि तोही इतका गोड की तुमचं घर गेलं तरी तुम्ही त्याला नमस्कार कराल. भीती तीच तर होती. इथे ताडाएवढा राक्षस डरकाळ्या फोडतो आणि सगळं गदागदा हलतं. शिंगं बैलाला द्या म्हटलं होतं, त्यांनी ती राजाला लावली.

खरं ते खरं सांगावं. विहीर परत येते तो देखावा त्यांनी फार छान केला होता. कोरडी माती ओली होते, एकेक दगड आपल्या जागी येऊन बसतो, आणि खालून पाणी चढत येतं. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हितांशीचा हात धरला. तेवढ्या एका देखाव्यासाठी त्यांनी बाकीचं सगळं माफही केलं असतं.

पण त्यात शेशेमामा होता.

हा पुस्तकात नव्हता. मुंबईकरांनी तो घरून आणला. जाडा, फेंगडा, तोंड वाकडं करून, नाकातून बोलणारा. अख्ख्या पिक्चरमध्ये अहिराणी बोलणारा हा एकटा. झेंडी शुद्ध मराठी बोलते, राजपुत्र शुद्ध मराठी बोलतो, अहो, राक्षससुद्धा व्याकरण चुकत नाही. आणि हा एक, दर थोड्या वेळाने कुठून तरी टपकायचा आणि पोट चोळत म्हणायचा, "माले भूक लागनी. घरमा काही शे का? शे? शे? शे?" की थेटर गडगडायचं. बाकी त्याला काम काहीच नव्हतं. त्यात विनोद तरी काय होता, सांगा. भूक लागली, घरात काही आहे का. आमच्या खानदेशात पिढ्यान् पिढ्या लोक वावरातून येऊन दारात चपला काढता काढता हेच विचारत आले. त्याला कुणी हसलं नाही, भाकर वाढली.

तरी आबा बसून राहिले. शेवटाची वाट बघत होते. कारण शेवट कुणाला बदलता येणार नाही, अशी त्यांची खात्री होती. पुस्तकाच्या शेवटी नाहीराजा झेंडीचं सगळं नेतो. गाव नेतो, माय नेतो, तिचं नावही नेतो. मग विचारतो, 'बाळ, तू कोण?' तिला सांगायला नावच उरलेलं नसतं. ती तेवढंच म्हणते, 'मी शे.' आणि गड कोसळतो. हे पान वाचताना हितांशी दर वेळी आबांच्या आधी ते दोन शब्द म्हणायची.

पडद्यावर राक्षसाने विचारलं, "कोण आहेस तू?" घोड्यावरच्या बाईने हात वर केले, आकाशातून निळा उजेड पडला, आणि ती संस्कृतात मंत्र म्हणायला लागली.

आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते उभे राहिले आणि एस.टी.च्या मागच्या दारातून हाळी घालायचे त्या आवाजात ओरडले, "आरे, मंतर काय म्हनी ऱ्हायनी? 'मी शे' म्हन! 'मी शे'! बठ्ठी माती करी टाकी!"

मग मागून कुणीतरी ओरडलं, "शेशेमामा आले रे!" आणि जे हसू फुटलं म्हणता, सबंध पिक्चरमध्ये तेवढं फुटलं नव्हतं. शिट्ट्या वाजल्या. मोबाइलचे दिवे आबांच्या तोंडावर आले. आबा आणखी चिडले, आणखी बोलले, आणि जितकं बोलले तितके लोक पोट धरून हसले. लोकांना वाटलं पिक्चरवाल्यांनीच हा माणूस बसवलाय. ललित बापाला दंडाला धरून खाली ओढत होता. आणि हितांशी खुर्चीत खाली खाली सरकत गेली. पुढच्या रांगेत तिच्या वर्गातल्या दोन पोरी मागे वळून बघत होत्या.

सगळे रिक्षाने परतले. घराशी उतरताना हितांशी म्हणाली, "आबा, तुम्ही मला शाळेत घ्यायला याल ना, तेव्हा तसं बोलू नका. नाहीतर येऊच नका, मी रिक्षाने येईन." स्वच्छ मराठीत म्हणाली. त्यानंतर ती तसंच बोलायला लागली. चपला कुठे आहेत, जेवायला चला, टीव्ही लावू का. आबांनी अहिराणीत काही विचारलं तर ती आधी खिडकीकडे बघायची, मग मराठीत उत्तर द्यायची. संध्याकाळी आबांनी पुस्तक काढलं की तिला होमवर्क आठवायचा.

थेटरातला तो व्हिडिओ कुणीतरी फिरवला. 'शेशेमामाचे खरे मामा' असं वर लिहून. नशिराबादच्या एका नातेवाइकाने तो आबांनाच पाठवला, खाली हसणारी तोंडं लावून. आबांनी त्याला फोन करून असा झाडला की त्याने त्या दिवसापासून साधा सुप्रभातही पाठवला नाही.

आता आबांचा राग घरात फिरायला लागला. टीव्हीवर त्या पिक्चरची जाहिरात लागली की बंद. पेपरात नाव आलं की तो पेपर खिडक्या पुसायला. जेवताना मुंबईवाल्यांचा उद्धार. एका सकाळी चहा देताना नूतन म्हणाली, "आबा, आता पुरे करा. पोरीला शाळेत त्रास होतोय."

"काय त्रास?"

"ती उभी राहिली की मुलं शे-शे करतात. डबा उघडला की शे-शे करतात. मी तिला पहिल्यापासून सांगत होते, तसं बोलू नकोस. तुम्हाला वाटायचं, सून शिष्ट आहे."

"मंग त्या पोरांले सांग ना. हिले काब्रं सांगस?" आबांचा आवाज चढला. "हसनारा मोकळा आनि बोलनारानं तोंड बंद? हाऊ कुठला न्याय?"

आणि मग जी नूतन कधी सासऱ्यापुढे वर तोंड करून बोलली नव्हती तिचाही तोल गेला. "न्याय काय सांगता, आबा? तुम्हाला हसले तर तुम्ही ओरडता. तुमचा आवाज आहे. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा होस्टेलवर पहिल्याच दिवशी म्हटलं, 'मले पाणी दे वं.' बस. माझं नाव मलेबाई पडलं. माझी रूममेट तोंड वाकडं करून माझी नक्कल करायची आणि सगळ्या पोरी लोळायच्या. मीसुद्धा हसायचे त्यांच्याबरोबर, करणार काय? सुट्टीत घरी आले तर माझ्या आईशीसुद्धा मला तसं बोलवेना. आई म्हणाली, पोर शिकली. पोर शिकली नव्हती हो, भ्याली होती." तिने पदराने डोळे पुसले, चहाचा कप उचलला आणि आत गेली. कपात चहा तसाच होता, पण तो मागायची आबांची हिंमत झाली नाही.

त्यांना नूतनचा राग आला होता आणि त्याच वेळी तिच्याबद्दल वाईट वाटत होतं. दोन्ही एकदम वाटायची त्यांना सवय नव्हती. ते गच्चीवर जाऊन बसले आणि त्या पुण्याच्या रूममेटला, जिला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं, मनातल्या मनात शिव्या घालत राहिले. सुनेशी वाद जिंकता आला असता, पण मग काय? पोरीने त्यांच्याशी बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि ते रागावून मिळणारं नव्हतं. त्यांना येत होतं ते तेवढंच.

डिसेंबर आला. शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या. एका दुपारी हितांशी धावतच घरी आली, दप्तर फेकलं, आणि किती दिवसांनी तरी आबांच्या पलंगावर चढून बसली.

"आबा, आमच्या वर्गाचं नाटक आहे. नाहीगडचं. मला घेतलं."

आबांनी पेपर खाली ठेवला. "झेंडी?"

"नाही हो. झेंडी ती दुसऱ्या तुकडीतली गोरी मुलगी आहे. मी शेशेमामा. मॅडम म्हणाल्या, तुझ्या आजोबांचा व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी बघितला, तुला मस्त जमेल. सगळ्यात जास्त टाळ्या शेशेमामालाच पडतात. आबा, मला शिकवा ना. तुमचं कसं एकदम तसंच येतं. मला आता येतच नाही नीट."

आबांच्या घशाशी एवढी मोठी शिवी आली होती. पण पोर मांडीला मांडी लावून बसली होती. गेला महिनाभर ती एवढ्या जवळ आली नव्हती. त्यांनी शिवी गिळली.

"म्हनी दाखाड," ते म्हणाले.

हितांशी उठून उभी राहिली. पाय फेंगडे केले, पोट पुढे काढलं, ओठ एका बाजूला ओढले, डोळे तिरळे केले आणि नाकातून म्हणाली, "माले भूक लागनी. घरमा काही शे का? शे? शे? शे?" हुबेहूब. आबांना वाटलं, कुणीतरी आपल्या कानाखाली वाजवली. ही तीच पोर, जी त्यांच्या आधी 'मी शे' म्हणायची.

"असं नही," ते म्हणाले. आवाज चढू नये म्हणून त्यांनी पलंगाची कड धरली होती. "तोंड सरळ कर. पाय सरळ कर. तुले खरी भूक लागनी. शाळामाईन उनी तू. आते म्हन."

हितांशी जरा घुटमळली. मग तिने तोंड सरळ केलं. शाळेतून आलेलीच होती, सकाळचा डबाही अर्धाच खाल्लेला. ती स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "माले भूक लागनी. घरमा काही शे का?"

आतून नूतनचा आवाज आला, "हो गं, आणते."

आणि ती खरंच ताटली घेऊन बाहेर आली. भाकरीचा चतकोर, वर शेंगदाण्याची चटणी. तिच्या लक्षातही आलं नव्हतं की पोर कुठल्या भाषेत बोलली. लेकराला भूक लागली, आईने वाढलं.

"मम्मी, अगं मी प्रॅक्टिस करतेय," हितांशी वैतागली. "बघा आबा, असं म्हटलं तर कुणीच हसत नाही. काय उपयोग?" आणि आईला दाखवायला म्हणून तिने पुन्हा ओठ एका बाजूला ओढले, डोळे तिरळे केले, नाकातून सुरुवात केली.

नूतन बघत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. तिने ताटली पलंगावर ठेवली.

"कोणी शिकवलं हे तोंड?"

"मॅडमनी. पिक्चरमध्ये तसंच—"

"बंद कर."

असा आवाज नूतनचा निघू शकतो हे आबांना माहीत नव्हतं. तिने टेबलावरचा फोन उचलला, नंबर लावला आणि उभ्याउभ्याच बोलली. "मॅडम, हितांशीची आई बोलतेय. ती ते काम करणार नाही. नाही, तब्येत ठीक आहे तिची. आम्ही घरात जी भाषा बोलतो ती नक्कल करायची वस्तू नाही, म्हणून करणार नाही. तोंड वाकडं करून हसायचं असेल तर तुम्ही स्वतःचं करा. हो, मी रागातच बोलतेय. आणि तिच्या आजोबांचा व्हिडिओ तुम्ही वर्गात दाखवला असेल तर मी उद्या शाळेत येते, तेव्हा सविस्तर बोलू." तिने फोन ठेवला. ती आबांकडे बघून म्हणाली, "मले बी येत व्हतं, आबा. मले बी सगळं येत व्हतं." रावेरची बोली. सून होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

आबांना खूप काही म्हणायचं होतं. म्हणायला वेळ मिळाला नाही, कारण हितांशीने भोकाड पसरलं. पोरीचं सगळ्यात मोठं काम गेलं होतं. उद्या वर्गात ती काय सांगणार होती? सगळ्यात जास्त टाळ्यांचं काम आईने एका फोनवर घालवलं, आणि कुणामुळे? ती आबांपुढे उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातून वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. मुठी आवळून, एकेक शब्द तोडत ती ओरडली,

"बठ्ठं तुम्हनामुळे व्हयनं! मी तुम्हनासंगे कधीच बोलाव नही. कधीच नही. माले नही जोयजे तुम्हनं पुस्तक!"

आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार आपटलं.

नूतन कपाळाला हात लावून खुर्चीत बसली. आतून हुंदके ऐकू येत होते. "झालं," ती म्हणाली. "आबा, आता महिनाभर तरी बोलायची नाही ती तुमच्याशी."

आबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. पुन्हा काढला.

"नको बोलू दे," ते म्हणाले. "तोंड सरळ व्हतं तिन्हं."